बोटाले विचार

"भाऊ, करू का नको?"

दुकानाच्या पायरीवर चपला काढता काढताच गिऱ्हाईक हे विचारतं. कोणी परक्यानं ऐकलं तर त्याला वाटेल, पोरीच्या लग्नाचं विचारून राहिला. पण काखेत कॉम्प्युटरचा डबा असतो आणि चेहरा दवाखान्यात आल्यासारखा. पडद्यावर एक चौकट आलेली असते : तुमची विंडोज जुनी झाली, आता तिला सुरक्षा मिळणार नाही, नवी टाका. माणूस चौकट बंद करतो, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी वैतागून तो माझ्याकडे येतो.

नागपूरच्या प्रतापनगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला तीस वर्षं झाली. आता कंबर धरते, बारीक स्क्रू दिसत नाहीत, तरी "मनोहरभाऊ म्हणतीन तसं करू" म्हणणारे लोक आहेत म्हणून शटर वर करतो. या धंद्यात मशीन दुरुस्त करणं सोपं. "करू का नको" याचं उत्तर देणं कठीण. ते उत्तर आपल्याला येतं, असं मी फार वर्षं समजत होतो.

ज्यांना या भानगडीतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे घरातला कारभारी. घर तेच, भांडी तीच. पण कोणती किल्ली कुठे, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच वाटेला लावायचं, हे त्याला ठाऊक. तो म्हातारा झाला की त्याला चोर ओळखू येत नाहीत, मग नवा आणावा लागतो. नवा तरतरीत असतो, पण लोणच्याची बरणी कोणत्या फळीवर आहे हे त्याला माहीत नसतं. कधी कधी घरात बरणी आहे हेच त्याला माहीत नसतं. एवढाच गुंता आहे, बाकी आम्ही इंग्रजी शब्द फेकून भाव खातो.

जरीपटक्यात एक सेठ होते, कापडावर भरतकाम करणाऱ्या मोठ्या मशीनचे मालक. ती मशीन एका कॉम्प्युटरवर चालायची, आणि तो इतका जुना की त्याला फ्लॉपी लागायची. दर दसऱ्याला सेठ त्याला झेंडूचा हार घालायचे, कुंकू लावायचे आणि मला फोन करायचे, "मनोहरभाऊ, आज मुहूरत अच्छा है, नया डाल दें क्या?" मी जायचो, पाहायचो. नवी विंडोज त्या मशीनला ओळखसुद्धा दाखवणार नाही, हे मला दिसत होतं. "चल रहा है ना सेठजी? फिर हाथ मत लगाओ." सेठ खूश. मला पेढा. असे सात-आठ दसरे गेले. कुंकू पंख्यातून आत जायचं, ते ब्रशनं काढायचं काम तेवढं माझ्याकडे असायचं. शेवटी मशीनच थकली, कॉम्प्युटर मात्र ठणठणीत राहिला.

अशा अनुभवांतून मी तीन प्रश्न तयार केले आणि पेंटरकडून दुकानाच्या भिंतीवर लिहून घेतले. रोज काय काम करता? कॉम्प्युटरला काय काय जोडलेलं आहे? काय गेलं तर रडाल? तिसरा प्रश्न वाचून लोक आधी हसायचे, मग म्हणायचे, "फोटो." किंवा "वडिलांचं मृत्युपत्र." एकजण म्हणाला होता, "काहीच नाही." त्याची मला फार दया आली. या तीन प्रश्नांचा मला मोठा अभिमान होता. होता म्हणतो, कारण त्यानंतर शशिकलाबाई आल्या.

शशिकलाबाई सरकारी कचेरीत मराठी टायपिस्ट होत्या, इंग्रजीही कळांकडे न पाहता टाइप करायच्या. तिथले कॉम्प्युटर दुरुस्त करायला मी जायचो, तेव्हापासूनची ओळख. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते, आणि बाई एकट्या आपल्या टाइपरायटरवर झाकण घालत होत्या. डोळ्यांत पाणी बिणी काही नव्हतं. झाकणाच्या नाड्या मात्र त्यांनी दोनदा बांधल्या. आता त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. मला अजून पोरगाच समजतात.

गेल्या वर्षी दसऱ्याला महिनाभर बाकी असताना त्या ऑटोतून आल्या, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन.

"जय भीम, मनोहर. हे चौकट पाह्य. करू का नको, एका शब्दात सांग."

मी म्हटलं, "आधी बसा, बाई. रोज काय काम करता?"

त्यांनी सांगितलं ते ऐकून मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. रिटायर झाल्यावर पंधरा वर्षं त्या वस्त्यावस्त्यांत फिरल्या होत्या. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली त्या दिवशी तिथं हजर असलेल्या म्हाताऱ्या बायांना शोधायचं, समोर बसायचं, त्या बोलतील ते वहीत उतरवायचं आणि घरी येऊन टाइप करायचं. कोणी बिडी वळणारी, कोणी गिरणीतली, कोणी दुसऱ्याच्या शेतात निंदणारी. पुस्तकं पुढाऱ्यांची निघतात, यांचं कोणी विचारलंच नव्हतं. आता त्यातल्या बहुतेक जणी वारल्या होत्या. बाईंना त्याचं पुस्तक काढायचं होतं, आणि ते दसऱ्याला दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर ठेवायचं होतं. तिथं दुरून आलेले लोक एका वेळचं जेवण कमी करतील, पण पुस्तक घेतल्याशिवाय गावी परत जाणार नाहीत. छापखानेवाल्याला फायली मेलनं हव्या होत्या आणि बाईंच्या जुन्या कॉम्प्युटरवर मेल उघडत नव्हता.

"काय गेलं तर रडाल?" मी भिंतीकडे बोट केलं.

"फायली," बाई म्हणाल्या. "बाकी सारं जळून गेलं तरी चालते."

"वह्या आहेत ना पण?"

"वह्या काहून ठेवू? पक्कं टाइप झालं, तपासलं, का कच्चं फाडाचं. नोकरीभर तेच केलं. कच्चं ठेवलं तर घोटाळा होते."

इथं माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. मी फुशारकीनं म्हणालो, "मग करून टाकू, बाई. फायलींची जबाबदारी माझी."

काम मी नेमानं केलं. फायली दुसऱ्या डिस्कवर घेतल्या, दोन्हीकडे किती आहेत ते ताडून पाहिलं. एक कमी नाही, एक जास्त नाही. नवी डिस्क बसवली, नवी विंडोज टाकली, फायली तिच्यावर ठेवल्या. जुनी डिस्क मी महिनाभर कपाटात ठेवतो, हा माझा नियम. बाईंनी फोनवर विचारलं, "झालं सारं? मोजलं? मग जुनं काहून ठेवून राहिला? पुसून टाक. कोणाच्या हाती लागाले नको, बायांच्या घरातल्या गोष्टी हायेत त्याच्यात." मला पटलं. मी ती डिस्क अशी पुसली की कोणाच्या बापाला काही परत काढता येणार नाही. या कामात मी हुशार आहे.

फायली मी मोजल्या होत्या. उघडून एकही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहज एक उघडली. पडद्यावर मराठीचं नाव नाही. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, आकडे, नुसती खिचडी. दुसरी उघडली, तीच गत. सगळ्या उघडल्या.

झालं काय होतं ते सांगतो. जुन्या मराठी टायपिंगमध्ये कॉम्प्युटर मराठी साठवतच नसे. तुम्ही जी कळ दाबली तिचं इंग्रजी अक्षर तो साठवायचा, आणि फाँट त्या अक्षराला मराठीचा सदरा घालायचा. फाँट काढला की आत उघडं इंग्रजी. असे फाँट बाजारात ढिगानं मिळतात, म्हणून मी एकेक लावून पाहिला. अर्धी अक्षरं जुळायची, अर्धी बिघडायची, एकाही ओळीचा अर्थ लागेना.

शेवटी बाईंना फोन केला. फाँट कोणता होता, एवढंच विचारलं, बाकी बोलायची हिंमत झाली नाही.

"तो बाजारचा फाँट नव्हे गा, माह्या हातासाठी केलेला होता," बाई म्हणाल्या. "सीताबर्डीवर टायपिंगच्या क्लासवाला एक मास्तर होता. त्याले म्हटलं, माह्या कचेरीतल्या मशीनीवर जे कळ जिथं होती तिथंच मले पाह्यजे. त्यानं बसून तसा करून देला. काहून?"

म्हणजे तो फाँट जगात एकच होता आणि मी तो पुसला होता. सीताबर्डीवर जाऊन आलो. मास्तर वारले होते, क्लासच्या जागी मोबाईलची कव्हरं लटकत होती. परत येताना स्कूटर रस्त्याच्या कडेला लावून मी तसाच उभा राहिलो. मेलेल्या बायांचं बोलणं माझ्या हातून गेलं होतं. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना दुकानात बोलावलं आणि सगळं सांगितलं. न उघडता मोजल्या, हेही सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीच म्हटलं व्हतं ना, पुसून टाक म्हणून." पुन्हा पडद्याकडे. आणि एकदम, "कीबोर्ड दे."

मी वायर लावायला वाकलो.

"लावू नको. नुसता दे."

त्यांनी तो बंद कीबोर्ड मांडीवर घेतला. चष्मा वर केला, बोटं कळांवर ठेवली, डोळे पडद्यावर. पडद्यावर इंग्रजी व्ही, के, मोठा ई, जी, एच. बोटं त्या त्या कळांवर टकटक करत गेली, आणि बाई म्हणाल्या, "आम्ही."

वायर अजून माझ्या हातातच होती.

"आम्ही चौघी... जणी... पायी निघालो." बोटं चालत होती, वेग घेत होती. "पांढरं लुगडं अंगावर. ते बी मागून आणलेलं. ज्या बाईनं देलं तिले म्हटलं, परत देईन. ते म्हणे, नको देऊ, तू जाऊन आली का मीच तुले पाहाले येईन."

बापा रे! मेलेल्या कीबोर्डवर बोटं फिरत होती आणि त्यातून दुसऱ्याच बाईचं बोलणं येत होतं, तिच्या लकबीसकट. तीस वर्षांत मी लाख-लाखाची यंत्रं उघडून पाहिली, अशी चीज पाहिली नव्हती. मी स्टूल ओढून खालीच बसलो.

पान संपलं तेव्हा मी म्हटलं, "बाई, कोणती कळ म्हणजे कोणतं अक्षर, एवढं मला सांगा. मी तक्ता करतो. मग एका दमात सगळं मराठीत आणू."

त्या विचारात पडल्या. "ते कसं सांगू गा?"

"आत्ता तर वाचलं!"

"मी कुठं वाचलं? माह्या तोंडाले विचारशील तर मले नाही येत. बोटाले विचार."

खरंच होतं. कळांकडे पाहून सांगा म्हटलं की बाई चुकायच्या. 'क' कुठे आहे? त्या हात हवेत धरून राहायच्या. शब्द आला की बोट आपोआप जागेवर जाऊन पडायचं. छत्तीस वर्षं नोकरीत आणि पुढं पंधरा वर्षं बायांच्या गोष्टी टाइप करताना ही विद्या डोक्यातून उतरून खाली हातात जाऊन बसली होती, आणि तिथून ती वर यायला तयार नव्हती. मग आम्ही उलटा मार्ग धरला. बाई बोटांनी वाचायच्या आणि मी पेन्सिल घेऊन शेजारी बसून कळ आणि अक्षर लिहून घ्यायचो. दुकानात आलेलं गिऱ्हाईक दारात उभं राहून ऐकायचं. कोणी म्हणालं नाही, भाऊ, माझं काम राहिलं. एका पोस्टमननं तर सायकल स्टँडला लावली आणि अर्धी गोष्ट ऐकूनच गेला.

चार दिवसांत तक्ता झाला. त्यात आणखी एक गंमत निघाली. पहिली वेलांटी टाइपरायटरवर अक्षराच्या आधी मारतात, आणि आताच्या पद्धतीत ती अक्षराच्या नंतर लागते. माझा तक्ता लावला की सगळ्या वेलांट्या एक घर अलीकडे. बाई म्हणाल्या, "तुह्या नव्या कारभाऱ्याले सांग, आमच्याकडे वेलांटी आधी येऊन जागा धरते." त्यासाठी वेगळी युक्ती करावी लागली. एकेक फाईल मराठीत उभी राहायला लागली. बाई प्रत्येक फाईल मूळ खिचडीवरून बोटांनी वाचायच्या, मी मराठीवरून डोळ्यांनी, आणि दोन्ही जुळलं की पुढची. एके ठिकाणी मी एक शब्द शुद्ध करून टाकला, तर बोटं अडली. "असं नव्हती बोलली ते," म्हणाल्या. मी मुकाट्यानं परत केला.

पुस्तक वेळेवर निघालं, हे सांगून टाकतो. उगाच कोणाला टांगून ठेवत नाही. दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर स्टॉलसमोर मी दोन तास उभा होतो, लोक एक-एक पान तिथंच उघडून वाचत होते. भिंतीवरच्या तीन प्रश्नांखाली मी चौथी ओळ लिहिली आहे, यावेळी स्वतःच्या हातानं, वेडीवाकडी : रोजचं काम माझ्यासमोर बसून करून दाखवा. हल्ली "करू का नको" विचारलं की मी आधी खुर्ची देतो आणि माणसाचे हात पाहत बसतो. लोकांना वाटतं, भाऊ म्हातारा झाला. वाटू द्या. माणसाच्या हातात काय काय साठवलेलं असतं, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.

पण मला लिहायचं होतं ते शेवटच्या फाईलबद्दल.

छापखान्यात द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी एकच फाईल राहिली होती. नाव होतं 'आई'. बाईंनी मांडीवरचा कीबोर्ड उचलला आणि बाजूला ठेवून दिला.

"हे तू वाच," त्या म्हणाल्या. "टाइप केली तवा एकदा पाह्यली. त्याच्यानंतर नाही उघडली. माय त्याच महिन्यात गेली."

मी तक्ता लावला, वेलांट्या जागेवर आणल्या आणि वाचायला लागलो. बाईंची आई बिड्या वळायची. दीक्षा घेऊन ती सात वर्षांच्या शशिकलेला कडेवर घेऊन घरी आली, तिथून गोष्ट सुरू होत होती.

"घरी आली तं सूप समोर. पानं भिजवून ठेवलेले, उद्याच्या बिड्या वळाच्याच व्हत्या. पोरगी मांडीवर झोपली. मी तिचे बोटं हातात घेतले. माह्या बोटाले तंबाखूचा वास. माह्या मायच्या बोटाले बी व्हता, मरेपर्यंत गेला नाही. मी हिच्या बापाले म्हटलं, आजपासून हे पोरगी सुपाले बोट लावणार नाही."

इथं मी वाचायचा थांबलो. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, तरी पडदा धूसरच. शेजारी बारीक टकटक ऐकू आली म्हणून वळून पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेले होते. कीबोर्ड बाजूला पडला होता आणि त्यांची दहाही बोटं रिकाम्या टेबलावर चालत होती. माझं वाचन थांबलं हे त्या बोटांना कळलंच नव्हतं. ती पुढची ओळ टाइप करत होती, आणि बाई हळूच म्हणत होत्या :

"मले वाचता येत नाही. पन हिच्या बोटाले येईन."

मग उजव्या हाताचं एक बोट पूर्णविरामाच्या जागी टेकलं, आणि तिथंच थांबलं.